सुरतेत पूर्ण झालेलं कापड

आमची गाडी उधन्याला थांबली तेव्हा फलाटावर उतरणारी निम्मी माणसं माझ्याच बोलीत एकमेकांवर खेकसत होती. जळगावहून तापीच्या कडेकडेने येणारी ही गाडी आपल्याला गुजरातेत आणून सोडते, पण परमुलखात आलोय असं बाहेर पडून दुकानांच्या पाट्या वाचेपर्यंत वाटत नाही. माझ्याबरोबर एफुआ होती. तिची चाकांची बॅग मी ओढत होते, आणि ती एक मोठं कापडी गाठोडं डोक्यावर घेऊन, त्याला हातही न लावता, जिना चढत होती. लोक वळून बघत होते. पाटीवाली एक म्हातारी थांबली आणि मला म्हणाली, "आम्हनी माय बी अशीच चाले" (आमची आईही अशीच चालायची). मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा एफुआ मान न हलवता हसली. त्या प्रवासातलं तिचं ते सगळ्यात मोकळं हसू.

एफुआ घानाची. समुद्रकाठच्या एका गावात राहते आणि कापडावर काम करते. आमच्या कॉलेजात मी भरतकाम शिकवते, तिथे ती आठवडाभर मुलींना शिकवायला आली होती. तिला पुढे सुरतेला जायचं होतं. माझी मामेबहीण सुनंदा सुरतेत गोडादऱ्याला राहते, तेव्हा मी येते बरोबर, असं मीच म्हणाले. प्रवासाची हौस मला फार, आणि सुनंदाच्या हातच्या वांग्याच्या भरताची त्याहून जास्त.

गाठोड्यात काय आहे ते तिने मला गाडीत दाखवलं. नंदुरबारच्या आसपास समोरचं बाकडं रिकामं झालं तेव्हा तिने ते थोडंसं उलगडलं.

ते समजायला आधी तिच्या आईची गोष्ट सांगावी लागेल. तिची आई बाजारात कापड विकायची. मेण लावून रंगवलेलं, झगझगीत रंगाचं हे कापड आफ्रिकेचं म्हणून सगळीकडे ओळखलं जातं, पण कित्येक वर्षं ते छापलं जायचं नेदरलँड्समध्ये, तेही जावा बेटावरच्या रंगाऱ्यांची नक्कल करून. युरोपने ते आफ्रिकेला विकलं आणि आफ्रिकेतल्या बायकांनी ते आपलं करून टाकलं. कसं, तर नाव देऊन. गिरणीतून माल यायचा तो नुसत्या नंबराचा. बाजारातल्या बायका तो उलगडून बघायच्या आणि एखादी त्याला नाव द्यायची. नाव लोकांच्या तोंडी बसलं की माल हातोहात जायचा. एकदा निळ्या जमिनीवर पिवळ्या शिड्या आणि प्रत्येक शिडीवर एक कोंबडी, असा माल आला. एफुआच्या आईने त्याला 'शेजारणीचं अंगण' असं नाव दिलं, आणि पुढे कुठल्या लग्नात, कुठल्या बारशात ते कापड नाही असं झालं नाही.

ते चित्र काढलं होतं लिसबेटच्या वडिलांनी. लिसबेट ही डच बाई, भरतकाम करणारी. तिच्या वडिलांनी गिरणीत बसून जन्मभर आफ्रिकेसाठी चित्रं काढली, आफ्रिका कधी पाहिली नाही. शिडी आणि कोंबडी त्यांच्या घरामागच्या खुराड्यातली. एकीच्या बापाने चित्र काढलं आणि दुसरीच्या आईने त्याला नाव दिलं, हे त्या दोघींना एका प्रदर्शनात शेजारी उभ्या असताना कळलं. मग एफुआने आईच्या पेटीतलं त्याच कापडाचा जुना तुकडा काढला आणि त्यावर दोघींनी टाके घालायला सुरुवात केली. सहा महिने कापड एकीकडे, सहा महिने दुसरीकडे, टपालाने.

त्यांनी एकच नियम केला होता. गाठ मारायची नाही आणि धागा तोडायचा नाही. आपलं काम झालं की धागा तसाच लोंबता सोडायचा. दुसरीने तोच धागा सुईत ओवायचा आणि तिथूनच पुढे जायचं.

"म्हणजे तिचं बोलणं अर्धं असायचं," एफुआ म्हणाली, "आणि मी ते माझ्या मनासारखं पूर्ण करायचे. मग माझं अर्धं राहायचं."

तिने बोट ठेवून दाखवलं. लिसबेटने एके ठिकाणी वडिलांचं घर भरलं होतं. एफुआने त्याच धाग्याने घराच्या भिंती वाढवून त्याचा किल्ला केला, समुद्राकडे एक बुटकं दार असलेला. तिच्या गावात तसा किल्ला खरोखरच आहे. त्या दारातून डच व्यापारी माणसं जहाजात कोंबून विकायला नेत. ते पाठवल्यावर कापड वर्षभर परत आलं नाही. आलं तेव्हा किल्ल्याच्या भिंतीला लिसबेटने एक खिडकी काढली होती.

"मी एवढी चिडले," एफुआ म्हणाली. "खिडकी काढून काय होतं? मी तिच्याच धाग्याने त्या खिडकीला गज घातले आणि पाठवून दिलं."

"मग?"

"मग तिने गजांवर कपडे वाळत घातले. आजपर्यंत मला कळलेलं नाही की ती माफी मागत होती की चेष्टा करत होती."

कापडाच्या एका बाजूला मात्र धाग्यांचं रान माजलेलं होतं. लाल, गर्द निळे, शेवाळी. हाताएवढे लांब. टाके वेडेवाकडे, कारण ते घालताना लिसबेटचे हात थरथरत होते. या हिवाळ्यात ती गेली. एरवी ती वीतभर धागा सोडायची. या वेळी तिने जागोजागी एवढा लांब धागा सोडला, कारण तिला कळून चुकलं होतं की कापड आपल्याकडे परत येणार नाही. एफुआला पुढे पुष्कळ पुरावं म्हणून सोडलेला धागा होता तो.

एफुआने त्यातल्या एकालाही अजून सुई लावली नव्हती. आता शिडी-कोंबडीचं हेच चित्र सुरतेत पॉलिस्टरवर छापून आफ्रिकेला जातं, हे त्या दोघींना ठाऊक होतं. मिळून सुरतेला यायचं आणि आपलं कापड कुठे जाऊन पोचलंय ते बघायचं, असं त्यांचं कधीचं ठरलं होतं. आता एकटी एफुआ आली होती. सुरतेचं कापड अस्तर म्हणून लावायचं, आणि लिसबेटच्या एकेक धाग्याने जुनं कापड आणि नवं कापड एकत्र शिवत जायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. मग ते कापड एका प्रदर्शनात लागायचं होतं, नेदरलँड्समध्येच, लिसबेटच्या गावी.

"आणि हे धागे संपले की?" मी विचारलं.

"म्हणून तर अजून सुरुवात केली नाही," ती म्हणाली आणि कापड घडी घालून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोचो (बेसनाचा वाफवलेला, न जमलेल्या ढोकळ्यासारखा लगदा, वरून तेल आणि शेव) खाऊन आम्ही रिंग रोडच्या मार्केटात गेलो. ज्याने कुणी या पदार्थाला पहिल्यांदा न लाजता ताटात वाढलं, त्याचं मला कौतुक वाटतं. मार्केटात लिफ्ट बंद, जिन्यात गठ्ठ्यांवर गठ्ठे, आणि चार दुकानदारांनी आम्हाला भलतीकडेच पाठवलं. पाचव्यात एफुआने आफ्रिकेचं नाव काढताच माणसाने फडताळ उघडून कापडाचं थान भिरकावलं आणि ते गादीवर उलगडत गेलं. निळी जमीन, पिवळ्या शिड्या, कोंबड्या. एफुआ ते हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. दुकानदाराला वाटलं तिला रंग पसंत नाही, म्हणून तो दुसरे काढू लागला.

तेच कापड विकत घेऊन आम्ही तिथून गोडादऱ्याला गेलो. सुनंदाची गल्ली अरुंद आहे आणि तिथे प्रत्येक उंबऱ्यात, ओट्यावर बायका मांडीवर साड्या घेऊन बसलेल्या असतात. मागावरून साडी निघते तेव्हा तिच्या उलट्या बाजूला बुट्ट्याबुट्ट्यांमधून सुटे धागे लोंबत असतात. ते छोट्या कात्रीने साफ करायचे. याला तिकडे धागा कटिंग म्हणतात. स्वयंपाक उरकला की घरोघर हेच काम. सुनंदाचा नवरा उधन्याला लूमवर, आणि तिने गेली कित्येक वर्षं अशा साड्या साफ करून घर उभं केलंय. बोलता बोलता, टीव्ही बघता बघता तिची कात्री चालू असते. एकही धागा राहत नाही आणि कापडाला टोचाही पडत नाही, म्हणून व्यापारी नाजूक माल तिच्याकडेच पाठवतो.

"ताई, उनी का? बठ, बठ. आनि या पाव्हनीले बी बठाड" (आलीस का? बस. आणि या पाहुणीलाही बसव), असं म्हणत तिने साड्यांचा ढीग पायाने सरकवून चटई टाकली. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, भरीत, ठेचा. एफुआने ठेचा एवढा खाल्ला की सुनंदाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. "आपलीच शे ही" (आपलीच आहे ही), ती म्हणाली. एफुआला भाषा कळत नव्हती, पण तिने आणखी एक भाकरी मागून घेतली.

दुपारी आम्हाला उधन्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये (कापड छापण्या-धुण्याच्या कारखान्यात) जायचं होतं. तिथे कोळशाची काजळी आणि रंगाची ओल. गाठोडं तिथे नेणं बरं नव्हतं. सुनंदा म्हणाली, इथेच राहू दे, तुम्ही येईपर्यंत मी अस्तर कडेकडेने टाचून ठेवते. मी एफुआला विचारलं. एफुआने घरातल्या गोधडीवर सुनंदाचे टाके पाहिले होते. कडेला फक्त कच्चा टाका, एवढंच तिने सांगितलं आणि मी तसंच सुनंदाला सांगितलं. धाग्यांबद्दल कोणीच काही बोललं नाही. तिला ते सांगायची गरज वाटली नाही आणि मला सुचलं नाही.

कारखान्यात वाफेने चष्मा धुकटला. लांबच लांब मशीनवर तेच कापड धावत होतं. मॅनेजरने छपाईतल्या निळ्या, वेड्यावाकड्या रेषांवर बोट ठेवलं आणि कौतुकाने म्हणाला, "मॅडम, ये क्रॅक भी हम छापते हैं. इसके बिना उधर माल नहीं चलता."

या रेषा म्हणजे मेणाच्या खऱ्या कामातल्या भेगा. कापडावरचं मेण तडकतं, त्यातून रंग आत झिरपतो, आणि प्रत्येक भेग वेगळी पडते. इथे मेण नव्हतंच. कोणाच्या तरी जुन्या कापडावरची एक भेग उचलून ती प्रत्येक कोंबडीच्या पोटावरून तशीच्या तशी छापली जात होती. एफुआ मशीनबरोबर चालत गेली, पुन्हा मागे आली, पुन्हा चालत गेली.

"लिसबेटला हे फार आवडलं असतं," ती म्हणाली. "तिने यावर मला अख्खं वर्ष छळलं असतं." मग म्हणाली, "आज रात्री नाही, उद्या सकाळी सुरू करते. पहिला धागा इथेच, सुरतेत." तिचा आवाज मोकळा झाला होता, आणि मला आपण आल्याचं सार्थक झालं असं वाटलं.

दिवेलागणीला आम्ही गोडादऱ्याला परतलो. सुनंदाच्या ओट्यावर शेजारच्या तिघी-चौघी बसल्या होत्या, सगळ्या आमची वाट बघत. सुनंदाने आत जाऊन कापड आणलं आणि दोन बायकांना टोकं धरायला लावून उभं पसरलं. अस्तर अगदी सरळ लागलं होतं. आणि समोरून एकही धागा लोंबत नव्हता.

"तुम्ही पाव्हन्या," सुनंदा म्हणाली, "एवढं चांगलं काम, आनि त्यावर कितला धागा! आम्ही सगळ्यासनी आपलं काम बाजूले ठेवं आनि बसनूत. देख, एक बी ऱ्हायना नही" (किती धागा! आम्ही सगळ्यांनी आपलं काम बाजूला ठेवलं आणि बसलो. बघ, एकही राहिला नाही).

मी एफुआकडे पाहिलं. ती कापडाजवळ गेली, जिथे लिसबेटचं शेवटचं काम होतं तिथे तिने तळहात टेकवला आणि वरून खाली फिरवला. टाक्यांच्या अगदी मुळाशी, सफाईने कापलेलं होतं. मग तिने दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला, जसा तिला जळगावला मुलींनी शिकवला होता, आणि मला म्हणाली, "फार सुंदर झालंय म्हणून सांग." आणि ओट्याच्या पायरीवर जाऊन पाठमोरी बसली.

मी नाही सांगितलं तसं. माझा स्वभाव तापट आहे आणि त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही. मी सगळं सांगितलं, लिसबेट, नियम, थरथरणारे हात, लांब सोडलेले धागे. सांगताना आवाज चढत गेला. शेजारणींनी धरलेली टोकं हळूच खाली सोडली.  सुनंदा अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ताई, लोंबता धागा दिखना का आम्हना हात थांबस नही" (लोंबता धागा दिसला की आमचा हात थांबत नाही).

 जन्मभर तिला याच गोष्टीसाठी शाबासकी मिळालेली.

कातरण एका गोणीत भरलेलं होतं. सुनंदाने गोणी चटईवर उलटी केली आणि सगळ्या बायका त्या ढिगाभोवती बसल्या. साड्यांचे धागे चकचकीत, निसटते. लिसबेटचे सुती, मंद रंगाचे. त्या बायकांची नजर तयार होती, त्यांनी ते वेचून काढले. लाल वेगळे, निळे वेगळे, शेवाळी वेगळे, जपून कागदावर मांडले आणि तो कागद एफुआसमोर ठेवला. तिने बोटांच्या टोकांनी ते थोडे हलवले.

"हे आता नुसते धागे आहेत, मंदा," ती मला म्हणाली. "असे दुकानात मिळतात."

मी ते मराठीत केलं नाही. पण सुनंदा तिच्या तोंडाकडेच बघत होती.

सकाळी एफुआची मुंबईची गाडी होती, तिथून विमान. रात्री आम्ही लॉजवर परतलो तेव्हा एफुआने कापड बरोबर घेतलंच नव्हतं. तिथून निघायच्या आधी सुनंदा गाठोडं घेऊन स्वतःच आली. डोळे सुजलेले. तिने पलंगावर कापड पसरलं. जिथे जिथे धागे कापले होते, तिथे तिथे तिने नवे लावले होते. रंग जुळवून, तेवढेच लांब. मी सांगितलेला नियम तिने लक्षात ठेवला होता. एकालाही गाठ मारलेली नव्हती.

एफुआ कापडापाशी गुडघ्यांवर बसली. एक निळा धागा तिने बोटावर घेतला. मला वाटलं, आता ती सुई मागेल. सुनंदालाही तसंच वाटलं असावं. एफुआने धागा किंचित ओढून पाहिला. तो पॉलिस्टरचा धागा त्या जुन्या, विरलेल्या सुती कापडात टिकला नाही. अख्खा निघून तिच्या हातात आला. तिने दुसरा धरला, अगदी अलगद. तोही आला.

एफुआने ते दोन्ही धागे सुनंदाच्या तळहातावर ठेवले, तिची मूठ मिटली आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली. मग उठून कापडाची घडी घातली. आता घडी व्यवस्थित बसत होती, कुठून काही बाहेर येत नव्हतं.

स्टेशनवर मी विचारलं, "प्रदर्शनाचं काय?"

"लागेल की," ती म्हणाली. "इतकी वर्षं लोक विचारायचे, हे पूर्ण कधी होणार. आता झालंय." गाठोडं तिने या वेळी बॅगेत, कपड्यांच्या खाली घातलं होतं.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि सगळ्यांवर रागावून पाहिलं. सुनंदावर, माझ्यावर, सगळा लोंबता धागा कचरा समजणाऱ्या त्या गल्लीवर, आणि एवढं मोलाचं कापड परक्या घरी ठेवून जाणाऱ्या एफुआवरही. कशावरच राग टिकेना. एका मुलखाने दुसऱ्याला जे काय केलं होतं ते सगळं त्या दोघी बायकांनी पोटात घेतलं होतं, भांडून घेतलं होतं, गज घालून झाले, कपडे वाळत घालून झाले. द्वेषाने ते बोलणं थांबलं नाही, समुद्राने नाही, मरणानेसुद्धा थोडी जागा ठेवली होती. ते थांबवलं माझ्या बहिणीच्या पाहुणचाराने. यातून काय शिकायचं ते मला आजही कळलेलं नाही, आणि काही शिकण्यासारखं असेल असं वाटतही नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी सुनंदाचा फोन आला. व्यापाऱ्याचा माल तसाच पडून होता. साडी मांडीवर घेते, म्हणाली, कात्री हातात धरते, आणि हात चालत नाही. उलट्या बाजूला एवढे धागे, त्यातला एखादा कोणीतरी मुद्दाम सोडलेला असला तर?

"सुनंदा," मी म्हणाले, "त्या मशीनच्या साड्या आहेत गं. ते धागे कोणाचे नाहीत. काप."



"ते धागे बी माले तसाच वाटनात" (पाहुणीचे ते धागेही मला तसेच वाटले होते), ती म्हणाली, आणि फोन ठेवला.